दुखण्याच्या गोळीचा हिशेब

सूज आणि वेदना कमी करणाऱ्या गोळ्यांचा एक मोठा गट आहे. डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, नेप्रोक्सेन, मेफेनॅमिक ॲसिड, निमेसुलाइड ही त्यातली नेहमीची नावे. वैद्यकशास्त्र त्यांना स्टेरॉइड नसलेली सूजरोधक औषधे म्हणते. सोलापुरात साखर पेठेपासून कुंभारीच्या घरकुलांपर्यंत त्यांना एकच नाव आहे: दुखण्याची गोळी.

ती मागणारे हात कष्टाचे आहेत. शहरात हजारो बायका घरी बसून बिड्या वळतात. कुंभारीत 2006 मध्ये गोदूताई परुळेकर यांच्या नावाने 10,000 घरांची वसाहत उभी राहिली, ती या बायकांसाठीच. मजुरी हजार बिड्यांच्या हिशेबाने मिळते. मांडीवर सूप, मान खाली, पाठ वाकलेली, आणि बोटे सकाळपासून दिवेलागणीपर्यंत एकच हालचाल करत राहतात. यंत्रमागावरचा कामगार पाळीभर मागांच्या मधल्या बोळात उभा असतो. त्याचे गुडघे आणि टाचा धरतात. दुखणे खरे आहे, आणि ते रोजचे आहे.

या गोळीबद्दल दोन बाजू ऐकू येतात. एक राबणाऱ्याची, दुसरी औषध जाणणाऱ्याची. इथे त्या एका बिडी कामगार बाईच्या आणि एका फार्मासिस्टच्या तोंडी मांडल्या आहेत. माणसे कल्पित आहेत, बोलणे रोजचे आहे.

"दादा, चार गोळ्या दे दुखण्याच्या. ती गुलाबी."

"गुलाबी कुठली, मावशी? नाव काय तिचं?"

"नाव कशाला लागतंय? मागच्या खेपेला हितनंच नेली की. कात्रीनं कापून दिली होती."

अडचण या कात्रीपासून सुरू होते. पट्टी कापली की औषधाचे नाव एका तुकड्यावर राहते, मुदतीची तारीख दुसऱ्यावर. 'आरएक्स' ही खूण आणि चिठ्ठीशिवाय विकू नये हा इशाराही बहुधा दुकानातच राहतो. डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक, निमेसुलाइड ही औषधे 'शेड्यूल एच'मध्ये मोडतात, म्हणजे कायद्याने ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळायला हवीत. घरी पोचतो तो रंग. रंग हे औषधाचे नाव नव्हे: एकाच रंगाच्या दोन गोळ्यांत वेगळी औषधे असतात, आणि वेगळ्या रंगांच्या दोन गोळ्यांत तेच औषध असते.

"चिठ्ठी आणायची तर डॉक्टरची फी द्या, रिक्षाचं द्या, वर अर्धा दिवस मोडा. गोळी घेतली तर माझ्या हजार बिड्या होतात. नाही घेतली तर सातशेला हात थांबतोय. आता सांग, महाग काय पडलं?"

हा अडाणीपणा नाही, हिशेब आहे. "गोळी घेऊ नका" एवढेच सांगणारा सल्ला या हिशेबापुढे टिकत नाही, आणि टिकू नये. फार्मासिस्टही इथे मागे सरतो. या गोळ्या वाईट नाहीत. सुजलेल्या सांध्यावर, मुरगळलेल्या पायावर, दाढेच्या ठणक्यावर, पाळीच्या कळांवर त्या चांगले काम करतात. पॅरासिटामॉल त्यांच्यापेक्षा पोटाला आणि मूत्रपिंडाला सोसते, पण सुजेवर ते फारसे चालत नाही. ज्याने दोन्ही घेऊन पाहिल्या आहेत त्याला हा फरक सांगावा लागत नाही.

फरक कशातून येतो हे 1971 मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी दाखवले. इजा झालेल्या जागी शरीर प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार करते. सूज, लाली, ठणका त्यांच्यामुळे वाढतो. ॲस्पिरिन आणि तिच्या जातीची औषधे ही द्रव्ये तयार करणाऱ्या यंत्रणेलाच अडवतात. या कामाबद्दल व्हेन यांना 1982 चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. गोळीचा गुण आणि गोळीचा दोष दोन्ही याच शोधातून समजतात, कारण प्रोस्टाग्लँडिन फक्त दुखऱ्या जागीच नसतात. जठराच्या आतले संरक्षक अस्तर त्यांच्यावर टिकते. शरीरात पाणी कमी पडले की मूत्रपिंडाकडचा रक्तप्रवाह तीच राखतात. गोळीला गुडघा आणि मूत्रपिंड वेगळे ओळखता येत नाहीत. ती रक्तातून सगळीकडे जाते.

"मी काय उपाशीपोटी घेत नाही. भाकरी खाऊनच घेते. पोटाला काय होतंय मग?"

हा समज फार पक्का आहे. जेवल्यावर गोळी घेतली की मळमळ आणि जळजळ कमी होते, इतके खरे. पण जठराचे अस्तर झिजते ते मुख्यतः रक्तात मिसळलेल्या औषधामुळे. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खाऊन घेतलेली गोळीही तिथे पोचतेच. याच कारणाने सुई टोचून घेतली तरी पोट सुटत नाही. "गोळी सोसत नाही, सुई मारा" असे सांगणाऱ्याला सुईने आराम लवकर पडेल; अल्सरचा धोका तसाच राहील.

दुसरी फसगत अशी की हा अल्सर पुष्कळदा दुखत नाही. पहिली खूण एकदम रक्तस्रावाची असू शकते: डांबरासारखी काळी, चिकट, दुर्गंधीची शौच, किंवा कॉफीच्या गाळासारखी उलटी. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळपट होते, पण ती अशी चिकट आणि घाण वासाची नसते. ज्या घरात बायकांच्या रक्तकमीवर लोहाच्या गोळ्या चालू आहेत तिथे हा फरक ठाऊक असलाच पाहिजे. रोज थेंबथेंब रक्त जात असेल तर लोहाच्या गोळ्या घेऊनही रक्त भरत नाही, आणि दमणूक बिड्यांच्या कष्टाच्या नावावर खपून जाते.

साठी उलटलेले, पूर्वी अल्सर झालेले, रक्त पातळ करणारी किंवा स्टेरॉइडची औषधे घेणारे यांना हा धोका अधिक. अशांना गोळी द्यावीच लागली तर डॉक्टर जोडीला पॅन्टोप्राझोल किंवा ओमेप्राझोल देतात. ते जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यायचे असते. पोटाला त्याने बरेच संरक्षण मिळते. मूत्रपिंडाला मिळत नाही.

मूत्रपिंडाची गोष्ट सोलापुरात सावकाश सांगायला हवी, कारण इथला उन्हाळा तिच्यात भर घालतो. एप्रिल-मेमध्ये इथे पारा 43-44 अंशांवर जातो.

"मावशी, दिवसाला पाणी किती पिता?"

"दोन तांबे असंल. जास्त प्यायलं की सारखं उठावं लागतंय. उठलं की हाताची लय मोडते."

"आणि उन्हाळ्यात पंखा?"

"पंखा लावला की तंबाखू उडतोय सगळा. बंदच असतोय."

"बीपीची गोळी चालू आहे ना?"

"रोज सकाळी एक. कधी चुकवत नाही."

या तीन उत्तरांत धोक्याचे सगळे धागे आहेत. घामाने पाणी गेले आणि प्यायले कमी, की मूत्रपिंडाकडे येणारे रक्त घटते. निरोगी मूत्रपिंड अशा वेळी प्रोस्टाग्लँडिनच्या जोरावर आत येणारी रक्तवाहिनी रुंद करते आणि काम चालू ठेवते. दुखण्याची गोळी हा मार्ग बंद करते. ब्लड प्रेशरसाठी दिली जाणारी टेल्मिसार्टनसारखी औषधे मूत्रपिंडातून बाहेर पडणारी वाहिनी सैल करतात, त्यामुळे गाळणीतला दाब आणखी उतरतो. कित्येकांच्या त्याच गोळीत हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन हे लघवी वाढवणारे औषधही असते. त्याने शरीरातले पाणी अजून घटते. बीपीच्या दोन्ही औषधांची रुग्णाला गरज असते आणि ती बंद करायची नसतात. दुखण्याची गोळी हे तिसरे औषध वर आले की मात्र गाळणी कोरडी पडू लागते.

ब्लड प्रेशरच्या सुमारे पाच लाख रुग्णांच्या नोंदींवर आधारलेला एक अभ्यास 2013 मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. या तीन औषधांच्या एकत्र वापराने मूत्रपिंडाला अचानक इजा होण्याचा धोका वाढतो, आणि तो पहिल्या 30 दिवसांत सर्वांत जास्त असतो, असे त्यात दिसले. म्हणजे "वर्षानुवर्षे घेतली तरच किडनी जाते" हा दिलासा खोटा आहे. हे रुग्ण ब्रिटनच्या थंड हवेतले होते, हेही सोलापूरकराने ध्यानात घ्यावे.

"पण मला तर काहीच होत नाही. लघवी साफ होते."

मूत्रपिंड गप्प राहून बिघडते. पावलांवर सूज, लघवी कमी होणे, भूक मरणे या खुणा उशिरा येतात. रक्तातले क्रिएटिनिन तपासले तरच काही आधी कळते. मधुमेहाने ज्यांची मूत्रपिंडे आधीच झिजली आहेत त्यांची सवलत आणखी कमी. शिवाय या गोळ्या अंगात मीठ-पाणी धरून ठेवतात आणि ब्लड प्रेशर वाढवतात. सकाळच्या बीपीच्या गोळीने जे कमावले ते संध्याकाळच्या दुखण्याच्या गोळीने जाते.

डायक्लोफेनॅक मूत्रपिंडाचे काय करू शकते याचा सर्वांत भयंकर पुरावा भारतीय आकाशातून मिळाला. हे औषध दिलेली जनावरे मेल्यावर त्यांचे मांस गिधाडांनी खाल्ले, आणि मूत्रपिंडे निकामी होऊन ती मेली. तीन जातींच्या गिधाडांची संख्या 90 टक्क्यांहून अधिक घटली. सरकारने 2006 मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी घातली. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या जनावरांना टोचल्या जात, म्हणून 2015 मध्ये इंजेक्शनची बाटली 3 मिलिलिटरवर आणली. गिधाडाचे शरीर माणसाहून फार नाजूक ठरले, माणसाला तेवढ्या मात्रेने तसे होत नाही. अवयव मात्र तोच आहे.

हृदयाचा प्रश्न पुढे आला तो रोफेकॉक्सिब या औषधामुळे. पोटाला सोसणारी नवी गोळी म्हणून ती गाजली. हृदयविकाराचे झटके वाढतात असे दिसल्यावर सप्टेंबर 2004 मध्ये कंपनीने ती जगभरातून मागे घेतली. त्यानंतरच्या तपासणीत जुन्या गोळ्याही निर्दोष ठरल्या नाहीत. हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेलेल्यांना डायक्लोफेनॅक देऊ नये असे युरोपच्या औषध नियामकाने 2013 मध्ये ठरवले. या गटात नेप्रोक्सेन हृदयाला त्यातल्या त्यात कमी घातक मानतात, पण पोटाचा धोका तिलाही चुकत नाही. झटक्यानंतर रोज छोटी ॲस्पिरिन घेणाऱ्याने तिच्या आधी आयब्युप्रोफेन घेतली तर ॲस्पिरिनचा उपयोग कमी होतो, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

"मग एका वेळी एकच गोळी घेते की. सकाळी ही पिवळी, रात्री ती गुलाबी. दोन वेगळ्या."

पिशवीतून दोन तुकडे निघतात. एकात असेक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉल, दुसऱ्यात डायक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉल. बाईच्या हिशेबी एक आणि एक वेगळी गोळी. औषधाच्या हिशेबी एकाच गटाची दोन औषधे एकाच दिवशी, आणि पॅरासिटामॉल दुप्पट. या गटातली दोन औषधे एकत्र घेतल्याने आराम दुप्पट होत नाही, धोका मात्र वाढतो. बाजारातल्या जोडगोळ्यांनी हा गोंधळ माजवला आहे. आयब्युप्रोफेन 400 आणि पॅरासिटामॉल 325 मिलिग्रॅमची गोळी कित्येक घरांच्या डब्यात असते. वर तापाची 650 ची घेतली की बेरीज कोणी करत नाही. धडधाकट माणसाला पॅरासिटामॉलची दिवसाची कमाल मर्यादा 4 ग्रॅम, आणि दारू पिणाऱ्याला, यकृत बिघडलेल्याला, अंगाने अगदी बारीक माणसाला त्याहून कमी.

नाव नसलेल्या पुडीबद्दल फार्मासिस्ट इथे आवाज चढवतो, आणि त्याने चढवावाच. कागदात बांधून दिलेल्या 'सांधेदुखीच्या पुडी'ने दोन दिवसांत चमत्कारासारखा आराम पडला, तर तिच्यात स्टेरॉइड असण्याची शंका घ्यावी. स्टेरॉइड आणि दुखण्याची गोळी एकत्र आली की अल्सरचा धोका कितीतरी वाढतो.

घरातल्या बाकीच्यांसाठी नियम थोडक्यात असे. पावसाळ्यात ताप आणि अंगदुखी आली तर डेंग्यू नाही हे कळेपर्यंत फक्त पॅरासिटामॉल. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन यांनी रक्तस्राव वाढू शकतो. गरोदरपणात, विशेषतः 20 आठवड्यांनंतर, डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय या गटातली एकही गोळी नाही. दम्याच्या काही रुग्णांना यातल्या कोणत्याही गोळीने दम लागतो. कापसाच्या पुंजक्यांत आधीच छाती भरलेल्या माग-कामगाराने हे डॉक्टरांना विचारून घ्यावे. निमेसुलाइड 12 वर्षांखालच्या मुलांना देण्यास 2011 पासून बंदी आहे, आणि 100 मिलिग्रॅमहून अधिक मात्रेच्या तिच्या गोळ्यांवर डिसेंबर 2025 मध्ये बंदी आली. पाळीच्या कळांसाठी मुली मेफेनॅमिक ॲसिड घेतात. ते उपयोगी आहे, पण 2023 च्या अखेरीस भारतीय औषधसंहिता आयोगाने त्याच्या एका दुर्मिळ, गंभीर ॲलर्जीबद्दल सावध केले: ताप, अंगभर पुरळ, गाठी सुजणे. गोळी सुरू केल्यावर काही आठवड्यांत असे काही दिसले तर ती बंद करून दवाखाना गाठायचा.

"म्हणजे सगळं बंदच. दुखतंय ते दुखू दे, असंच ना?"

"नाही, मावशी. कमीत कमी किती, आणि किती दिवस, एवढंच ठरवायचं आहे."

सुरक्षित वापराचा सगळा गाभा या उत्तरात आहे. पुरेशी होईल ती लहानात लहान मात्रा, आणि थोडक्यात थोडे दिवस. डायक्लोफेनॅकची दिवसाची कमाल मात्रा 150 मिलिग्रॅम. असेक्लोफेनॅक 100 ची दिवसाला दोनदा. आयब्युप्रोफेन डॉक्टरांशिवाय घ्यायची तर दिवसाला 1200 पर्यंत. अमेरिकेत आयब्युप्रोफेनच्या पाकिटावर वेदनेसाठी सलग 10 दिवसांहून जास्त घेऊ नये असे छापलेले असते. ही सगळी आकडेमोड धडधाकट माणसाची. बीपी, शुगर, हृदय, किडनी, अल्सर यांपैकी काही असेल तर स्वतःच्या मनाने एकही दिवस घेऊ नये.

मधला एक रस्ता आहे, तो म्हणजे डायक्लोफेनॅकचे जेल. गुडघ्याच्या आणि बोटांच्या सांधेदुखीवर ते चांगले चालते, आणि गोळीच्या मानाने फार थोडे औषध रक्तात जाते.

"बोटाला मलम लावलं की पान बुळबुळतंय. दोरा सुटतोय. बिड्या छाटात जातात, नापास होतात."

ही अडचण कुठल्याही पाठ्यपुस्तकात नाही, आणि ती रास्त आहे. उपाय तिच्यातूनच निघतो: बोटांना जेल काम संपल्यावर, हात धुऊन, रात्री लावायचे आणि सकाळी पुन्हा हात धुऊनच पानाला हात घालायचा. गुडघ्याला दिवसाही लावता येते. पाठीला भिंतीचा टेकू, सूप थोडे उंच राहील अशी उशी, तासाने दोन मिनिटे उभे राहणे, गरम पाण्याचा शेक यांनीही गोळ्यांची संख्या घटते. तासाने उठणे झाले की पाणी पिण्याची भीतीही उरत नाही. दिवसाला पन्नासेक बिड्या कमी होतील, असे बाई म्हणते. होतील. हा तोटा खरा आहे आणि तो सोसायला तिला सांगणाऱ्याने त्याची किंमत ओळखली पाहिजे.

दुकानदाराकडूनही काही हक्काने मागता येते. पट्टी कापायची तर औषधाचे नाव आणि मुदत असलेला भाग गिऱ्हाइकाच्या हाती यावा, नाहीतर ती माहिती पाकिटावर मराठीत लिहून मिळावी. "बीपी-शुगरची कुठली गोळी चालू आहे?" हा प्रश्न विचारायला अर्धे मिनिट लागते. औषधाचा त्रास झाला तर तो राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रमाच्या 1800-180-3024 या निःशुल्क क्रमांकावर रुग्णही कळवू शकतो.

क्रिएटिनिनसाठी एक साधी रक्ततपासणी लागते. सोलापुरात सरकारी सोय आहे ती 'सिव्हिल'मध्ये, म्हणजे डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात. बीपी किंवा शुगरची गोळी चालू आहे आणि दुखण्याची गोळीही आठवड्यातून दोन-चारदा पोटात जाते, अशा प्रत्येकाने ही तपासणी उन्हाळा तापण्याआधी, मार्च संपायच्या आत करून घ्यावी, आणि घरातल्या सगळ्या गोळ्यांचे तुकडे पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवावेत.